किल्ली तिच्या हातात: मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या बेघर स्त्रियांसाठी कायमचं घर कसं उभारावं

उपचार झाले, डॉक्टर म्हणाले ‘आता घरी जाऊ शकते’, पण जायला घरच नाही. एवढ्याच कारणासाठी वर्षानुवर्षं वॉर्डात राहिलेल्या स्त्रिया राज्यातल्या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत, म्हणजे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ यातलं कलम १९ स्पष्ट सांगतं: कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा बाई बेघर आहे एवढ्यावरून कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. कलम १८ मध्ये आधारासह निवासाची तरतूदही आहे. कायदा आहे, घरं थोडी आहेत. चार-पाच जणींचं एक घर उभं करण्याची इच्छा आणि थोडं बळ असलेल्या संस्थेसाठी किंवा गटासाठी हे लिहिलं आहे.

आपल्याकडे याचं सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे चेन्नईची ‘द बनियन’. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये ही संस्था सुरू केली. त्यांच्या ‘होम अगेन’ उपक्रमात चार-पाच जणी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात. स्वयंपाकपाणी, बाजारहाट त्यांचं त्याच बघतात आणि लागेल तेवढी मदत करायला मदतनीस येते. तमिळनाडूबाहेर केरळात आणि आपल्या रत्नागिरीतही हे काम पोचलं. त्याच्याही आधी, १९९२ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये सॅम सेंबेरिस यांनी ‘आधी घर’ हा विचार प्रत्यक्षात आणला होता. तोवरची पद्धत जिन्यासारखी होती: आधी बरी हो, गोळ्या नीट घे, स्वयंपाक शिक, मग घर. बहुतेक जणी मधल्याच पायरीवर अडकत, कारण घराशिवाय या गोष्टी जमणंच अवघड असतं. सेंबेरिस यांनी क्रम उलटा केला.

म्हणून एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवून कागदावर लिहा: घर आणि उपचार वेगळे. गोळी घेतली नाही म्हणून घर जाणार नाही. रुग्णालयात भरती झाली म्हणून खाट दुसरीला दिली जाणार नाही. भांडली म्हणून परत वॉर्डात पाठवलं जाणार नाही. ही ओळ ढिली सोडली की सहा महिन्यांत तुमच्या हातात घर नसतं, छोटा वॉर्ड असतो.

घर शोधताना

चार किंवा पाच जणी, याहून जास्त नाही. सहावी आली की एका चुलीवर भागत नाही, सकाळी संडासापुढे रांग लागते आणि नियम लिहावे लागतात. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एका खोलीत फार तर दोघी, शक्य असेल तर एकीला स्वतंत्र खोली. घर तळमजल्यावर असावं. यामागे वरून पडण्याची भीती आहेच, पण गुडघेही आहेत. बऱ्याच जणी पन्नाशीच्या पुढच्या असतात आणि औषधांनी वजन वाढलेलं असतं. कोकणात अंगणात विहीर असेल तर कठडा कमरेच्या वर हवा आणि वर जाळी हवी. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवून घ्या. दाराला बाहेरून कुलूप लावायची सोय मात्र अजिबात ठेवू नका. सोय असली की एखाद्या अवघड रात्री ती वापरली जाते.

पाणी किती वाजता येतं हे मालकाला न विचारता शेजारणीला विचारा. एसटीचा थांबा, किराणा, रेशन दुकान आणि सरकारी दवाखाना चालत दहा-पंधरा मिनिटांत हवेत. गावाबाहेरचा शांत, स्वस्त बंगला मोह घालतो, घेऊ नका. तिथे कुणी कुणाला ओळखत नाही, बाजाराला जायला रिक्षा लागते, आणि मग मदतनीसच बाजार करते.

करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. रिवाज अकरा महिन्यांचा असला तरी तीन वर्षांचा करार मागा, दरवर्षीची भाडेवाढ आधीच लिहून घ्या. दर अकरा महिन्यांनी सामान हलवावं लागणं हे या स्त्रियांना पुन्हा रस्त्यावर पडल्यासारखंच असतं. करारावर संस्थेची सही असली तरी राहणाऱ्या प्रत्येकीचं नाव त्यात येऊ द्या. आणि जिला स्वतः सही करायची आहे तिला ‘मनोरुग्णाला करार करता येत नाही’ असं कुणी म्हणालं तर २०१७ च्या कायद्याचं कलम ३ दाखवा: मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस अस्थिर बुद्धीचा ठरत नाही, ते सक्षम न्यायालयाने ठरवावं लागतं. पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती इतर घरांसारखीच द्या. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नियमांत हे घर कुठे बसतं, नोंदणी लागते का, हे वकिलाकडून आधीच तपासून घ्या. नंतर तपासलं तर तक्रारीला उत्तर देताना दमछाक होते.

घरमालकाला काय सांगायचं? खरं सांगायचं: या बायका आजारातून सावरत आहेत, बेघर होत्या, भाडं संस्था भरेल, अडचण आली तर हा फोन. कुणाला कोणता आजार आहे हे मात्र सांगायचं नाही. लपवून घेतलेलं घर पहिल्या आरडाओरड्याला जातं. दारावर संस्थेची पाटी, ‘आश्रम’ किंवा ‘सदन’ असलं काही नको. पाटी लावायचीच तर राहणाऱ्यांच्या नावांची.

कोण कोणाबरोबर राहणार

जागावाटप करू नका. वॉर्डात कोण कोणाशेजारी जेवते, कोण कोणाची वेणी घालते हे आठवडाभर बघा, परिचारिकांना विचारा. मग विचारा: तुला कोणाबरोबर राहायचंय? कोणाबरोबर नको? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त उपयोगी पडतं. भाषा बघा, बंगाली किंवा तेलुगू बोलणारी एकटी मराठी घरात पडली की गप्प होते आणि तिच्या गप्पपणाला आजार समजलं जातं. मासळी खाणारी आणि वासही न सोसणारी, दिवसातून चारदा मिसरी लावणारी आणि तिचा तिटकारा असलेली, रात्री रेडिओ लागणारी आणि कान तिखट असलेली, अशा जोड्या आधीच टाळा. घरं मोडतात ती बहुधा अशा गोष्टींवरून. भास होणं, स्वतःशी बोलणं यावरून क्वचितच.

आधी दुपारी चहाला न्या, मग जेवायला, मग दोन रात्री राहायला. ‘नको, मी इथेच बरी’ असं म्हणणाऱ्या बाईने कायमचा नकार दिला असं मानू नका. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला ‘घर’ या शब्दाने मार आणि हाकलून देणंही आठवू शकतं. जागा तिच्यासाठी थोडे दिवस रिकामी ठेवा. बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या चहानंतर ती स्वतःच विचारते की माझी खाट कुठली.

सामान आणि पहिला महिना

प्रत्येकीला स्वतःची खाट, गादी, दोन चादरी, किल्लीसकट लोखंडी ट्रंक किंवा कपाट, स्वतःचं ताट-वाटी-तांब्या, घराची एक किल्ली. चादरी-साड्या एकसारख्या आणू नका, तिला दुकानात नेऊन निवडू द्या. त्याला दोन तास लागतात. ते दोन तास वाया गेलेले नसतात.

पाच जणींना महिन्याला तांदूळ आणि भाकरी-पोळीचं पीठ मिळून चाळीसेक किलो, डाळी-कडधान्यं ७-८ किलो, तेल ४-५ लिटर धरा, १४.२ किलोचा सिलिंडर साधारण महिनाभर जातो. यादी मात्र त्यांनीच करावी. पहिल्या महिन्यात साखर पंधरा दिवसांत संपेल. रागावू नका. वॉर्डात चहा मोजून मिळायचा, इथे मोजणारं कुणी नाही हे त्या तपासून बघत असतात. गॅसबद्दल घाबरून स्वयंपाकघर बंद करणं ही नेहमीची चूक. पहिले दोन आठवडे मदतनीस शेजारी उभी राहील, रेग्युलेटर रात्री बंद करायची पाळी दोघींकडे राहील, एवढं पुरतं. झोप आणणाऱ्या औषधामुळे सकाळी जिचे हात जड असतात तिने दुपारचा स्वयंपाक करावा.

रस्त्यावरच्या आणि वॉर्डातल्या सवयी सोबत येतात. उशीखाली पोळ्या साठवणं, तीन साड्या एकावर एक नेसणं, जमिनीवरच झोपणं, पहाटे पाचला मोजणीसाठी उठून उभं राहणं, पाणी प्यायला परवानगी मागणं, आंघोळीला दार न लावणं. प्रत्येक सवयीला कधी ना कधी कारण होतं: पोळी उद्या मिळेल याची खात्री नव्हती, साडी काढून ठेवली तर चोरीला जायची. सवय मोडायला जाऊ नका. पोळ्यांना मुंग्या लागतात, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा द्या. डबा भरलेला राहतोय याची खात्री पटली की काही महिन्यांत तो आपोआप रिकामा राहू लागतो. काहींचा कधीच राहत नाही, त्यानेही काही बिघडत नाही.

मदतनीस

हा कणा आहे आणि सर्वांत जास्त घरं इथेच बिघडतात. त्याच वस्तीतली, स्वतः संसार चालवलेली, आवाज न चढवणारी बाई शोधा. शिक्षणापेक्षा धीर बघा. पहिले तीन महिने एक दिवसा आणि एक रात्री, मग घर स्थिरावलं की फक्त दिवसा, पुढे आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या. काही घरांना रात्रीची सोबत कायम लागेल. ते अपयश समजू नका. दोन-तीन घरांमागे एक समाजकार्यकर्ती हवी, मनोविकारतज्ज्ञांची भेट महिन्यातून एकदा.

मदतनीस हळूहळू वॉर्डन होते. लक्षणं ओळखा: बायका तिला ताई न म्हणता मॅडम म्हणू लागतात, ती ‘माझ्या पेशंट’ म्हणते, फ्रिजला कुलूप लागतं, येण्याजाण्याची वही दिसू लागते, ती स्वतः वेगळ्या कपात चहा पिते. तिला दोष देण्याआधी विचारा की काही झालं तर आपल्यालाच जबाबदार धरतील अशी भीती तिला आहे का. बहुतेकदा तेच कारण निघतं. ‘ती एकटी बाजारात गेली आणि उशिरा आली तर तुझी चूक नाही’ हे संस्थेने तिला लेखी द्यावं. महिन्याला चार सुट्ट्या, वेळेवर पगार, आणि आठवड्याला तासभर तिचं ऐकून घेणारं कुणीतरी, यात काटकसर करू नका.

शेजार

सामान येण्यापूर्वी वाणी, रेशनवाला, रिक्षा थांबा, सोसायटीचे सेक्रेटरी आणि समोरच्या काकू यांना भेटा. भाषण नको, ‘या इथे राहायला येताहेत’ एवढंच. एक फोन नंबर द्या, जो रात्री दोनलाही उचलला जाईल. शेजाऱ्यांची भीती समजावण्याने फारशी जात नाही, तो फोन दोनदा उचलला गेल्यावर जाते. ‘वेडी’ हा शब्द मुलांच्या तोंडी येईल. त्या मुलांच्या आईशी बोला, मुलांना रागावू नका.

सणांत शिरकाव सोपा असतो, पण हळदीकुंकवाने सुरुवात करू नका. नवऱ्याने टाकलेली, विधवा, नवरा आहे की नाही माहीत नसलेली, अशा चौघींसमोर कुंकवाची कोयरी फिरली की काय होतं ते या स्त्रियांनी आधीच भोगलेलं असतं. संक्रांतीचा तिळगूळ, गणपतीची आरती, शेजारच्या घरी पापड लाटायला हात लावणं, हे बरं. देणगीदारांचे वाढदिवस या घरात साजरे करणं आणि फोटो काढणं पूर्ण बंद ठेवा. त्याने वस्तीला कळतं की हे घर नाही, संस्था आहे.

औषधं आणि शरीर

आठवड्याचा कप्प्यांचा डबा आणा. सुरुवातीला दोघींनी मिळून रविवारी तो भरायचा, मग तिने एकटीने. गोळीच्या कंपनीबरोबर रंग बदलला की ‘ही माझी नाही’ म्हणून ती थांबवते. बदल झाला की आधी दोन्ही गोळ्या शेजारी ठेवून दाखवा. जिल्हा रुग्णालयात औषध संपतं, म्हणून पंधरा दिवसांचा साठा जास्तीचा ठेवा. महिन्याच्या इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लाल करा. त्याचा असर हळूहळू उतरतो, त्यामुळे चुकलेल्या तारखेचा परिणाम काही आठवड्यांनी दिसतो आणि तोवर कारण विसरलेलं असतं.

लिथियम (मनःस्थितीतले टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्या बाईला उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, जुलाब झाले किंवा गुडघेदुखीवर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन दिलं तर लिथियमची रक्तातली मात्रा धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. हात जोरात थरथरणं, उलट्या, झोकांड्या जाणं दिसलं की पुढची गोळी न देता तडक रुग्णालय. रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांनी, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. क्लोझापीन (इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचं औषध) असेल तर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. ताप किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी तपासणी. बद्धकोष्ठाकडेही दुर्लक्ष नको, क्लोझापीनवर ते जिवावर बेतू शकतं. ओलॅन्झापीन या भास-भ्रमांवरच्या औषधाने वजन आणि रक्तातली साखर वाढू शकते, म्हणून वजन महिन्याला, साखर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षाला.

भास-भ्रमांवरच्या रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी पाळी थांबू शकते; तिशीतल्या बाईची पाळी गेली असं गृहीत धरून कुणी लक्ष देत नाही. गर्भधारणा आहे का तेही तपासा, विशेषतः व्हॅल्प्रोएट (फिट्स आणि मनःस्थितीच्या चढउतारांवरचं औषध) चालू असेल तर, कारण ते गर्भाला घातक आहे. गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला ‘स्वच्छतेसाठी’ कुणी दिला तर ठाम नकार द्या. दात, डोळे, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि क्षयाची तपासणी पहिल्या दोन महिन्यांत उरका. सुस्ती आजाराची समजून औषध वाढवलं जातं आणि निघतो थायरॉइड किंवा पंडुरोग, असं होऊ नये.

कागदपत्रं

क्रम महत्त्वाचा: आधार, बँक खातं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, रेशन, निराधार अनुदान. आधारची नोंदणी ‘आधीच आहे’ म्हणून फेटाळली गेली तर निराश होऊ नका. बोटांच्या ठशांवरून जुनं आधार सापडतं, आणि त्यावर तिचं गाव असतं. पण गावाला फोन तिला विचारल्याशिवाय करू नका. ज्या घरातून ती पळाली तेच ते असू शकतं.

दिव्यांगत्वाच्या तपासणीत स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार बाबी बघतात. लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. स्वच्छ साडी नेसून, हसून उत्तरं देणाऱ्या बाईचे टक्के कमी येतात. गेल्या महिन्यात कशाकशाला मदत लागली याची एक पानी नोंद मदतनीसने सोबत न्यावी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात जातो. राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याची अट इथे आडवी येते, तेव्हा रुग्णालयातल्या मुक्कामाचा दाखला भरतीच्या तारखेपासून मागून घ्या. पैसे तिच्या खात्यात, पासबुक तिच्या ट्रंकेत. भाड्यात वाटा घ्यायचाच तर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांवर जाऊ नका, आणि उत्पन्न नाही तर शून्य.

बिघडेल तेव्हा

प्रत्येकीबरोबर, ती बरी असताना, एक पान लिहा: माझं बिघडायला लागलं की काय दिसतं, काय केलेलं आवडतं, काय नको, कोणत्या दवाखान्यात न्यायचं, कोणाला कळवायचं. तिच्याच शब्दांत. एकीचं पहिलं लक्षण दोन रात्री न झोपणं, दुसरीचं पिशवी भरून दाराशी ठेवणं. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत तिला मदत करणारी तिने निवडलेली व्यक्ती, कोण हे २०१७ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे साध्या कागदावर, तिची सही किंवा अंगठा घेऊन लिहून ठेवता येतं. घरातली मैत्रीणही चालते. हा कागद नसला की भरतीच्या वेळी निर्णय परक्यांच्या हाती जातो. त्याच कायद्याच्या कलम ८९ ची आधारासह भरती, म्हणजे तिला स्वतः निर्णय घेणं जमत नसताना या प्रतिनिधीच्या अर्जावरून होणारी भरती, जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. त्या काळात भाडं चालू, खाट तशीच, आणि घरातली कुणीतरी आठवड्याला भेटायला. जीव द्यायचं बोलली तर एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

निघून गेली तर पहिल्या दोन तासांत एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, देऊळ आणि तिची जुनी जागा बघा, आणि लगेच पोलिसांत खबर द्या, चोवीस तास थांबू नका. भटकताना पोलिसांना सापडली तर त्याच कायद्याच्या कलम १०० प्रमाणे तिला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं; हे कलम छापून जवळच्या ठाण्यात आधीच देऊन ठेवा. परत आली की ‘कुठे गेली होतीस?’ नंतर. आधी जेवण.

पैसा आणि ‘कायमचं’

तीन वर्षांच्या देणगीवर कायमचं घर सुरू करणं धोक्याचं आहे. किल्ली देण्याआधी बारा महिन्यांचं भाडं आणि पगार वेगळ्या खात्यात असू द्या, तेवढं नसेल तर एक घर कमी करा. कुणी कुटुंबाकडे परतली तर तिची जागा तीन महिने धरून ठेवा. परतीची वाट उघडी आहे हे माहीत असलं की जायचं धाडस होतं.

आणि त्या म्हाताऱ्या होणार. पाच वर्षांनी एकीला कमोड लागेल, दुसरीचे डोळे जातील, घर बदलण्याऐवजी न्हाणीत दांडा बसवावा लागेल. बँक खात्याला नॉमिनी म्हणून कोणाचं नाव लावायचं, ट्रंकेतल्या वस्तू कोणाला द्यायच्या, शेवटचं कोणी करायचं आणि कोणत्या धर्माच्या रीतीने, हे तिला विचारून त्याच पानावर लिहून ठेवा. बऱ्याच जणी घरातल्याच मैत्रिणीचं नाव सांगतात. मग त्या मैत्रिणीलाही विचारा, आणि दोघींच्या सह्या घ्या.